सातवा सूर

इला सदतिसाव्या वर्षी गिटार शिकायला लागली, तेव्हा क्लासमधली बाकीची मुलं बारा-चौदा वर्षांची होती. पिपरी मेघेत एका पीठगिरणीच्या वरच्या खोलीत हा क्लास भरायचा. रविवारी सकाळी खाली गिरणी सुरू झाली की वरची फरशी थरथरायची. मग शिकवणारा साकेत हात वर करून सगळ्यांना थांबवायचा. दळण संपलं की पुन्हा सुरू. इला वर्ध्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक होती. आठवडाभर लोकांच्या शेतांचे धुरे, बांध मोजायचे, भांडणाऱ्या दोन भावांच्या मधोमध उभं राहून दोघांच्याही शिव्या ऐकायच्या, आणि रविवारी पोराटोरांमध्ये बसून बोटं दुखवून घ्यायची. ऑफिसात तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

मार्चमधल्या एका रविवारी साकेतनं तिच्या वहीत नवी ओळ लिहून दिली. ए हार्मोनिक मायनर नावाचा स्केल.

“ताई, नॅचरल मायनर तुम्हाला आलं ना? हे तेच आहे. फक्त सातवा सूर अर्ध्यानं वर न्यायचा. जी नाही, जी शार्प. बस, एवढंच.”

एवढंच होतं, पण ते हाताला येईना. पाचव्या तारेवर करंगळी आठव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या आठव्या घरात, पडली की पुढचा सूर चौथ्या तारेवर. तिथं दोन महिन्यांच्या सवयीनं तिचं पहिलं बोट पाचव्या फ्रेटवर जाऊन बसायचं. बसायला हवं होतं दुसरं बोट, सहाव्यावर. डोक्याला कळत होतं, बोटाला कळत नव्हतं.

“घरी हळू वाजवा,” साकेत म्हणाला. “शंभर वेळा, पण हळू.”

अडचण तीच होती. घरी बाबा होते.

तिचे वडील अच्युतराव पुलगावच्या एका शाळेत तीस वर्षं संगीत शिकवत होते. मूळचे वडनेरचे. घरी शेती, गाणारं कुणी नाही. भजनी मंडळातल्या पेटीवाल्याच्या मांडीला मांडी लावून जे शिकले तेच पुढे वाढवलं, परीक्षा दिल्या आणि मास्तर झाले. निवृत्तीनंतर पिपरी मेघेत घर बांधलं, तर तिथंही सकाळ-संध्याकाळ मुलं शिकायला यायची. रोज साडेपाचला त्यांचा खर्ज सुरू व्हायचा आणि शेजारची माणसं त्यावर उठायची. गेल्या दिवाळीत त्यांचा आवाज बसला, तो परत उठला नाही. तंबाखूच्या खर्ऱ्याला, बिडीला आयुष्यात हात न लावलेला माणूस, आणि निघाला घशाचा कॅन्सर. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं.

आता गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक होतं. त्यातून ते श्वास घ्यायचे, आणि त्यावर पातळ रुमाल बांधायचे. दवाखान्यातून एक यंत्रही दिलं होतं. ते गळ्याला लावलं की बोलता येतं, असं सांगितलं. अच्युतरावांनी ते एकदाच लावलं. एकाच पट्टीतला, मधमाशीसारखा आवाज आला. त्यांनी यंत्र खोक्यात परत ठेवलं आणि पांढऱ्या पाटीवर मार्करनं लिहिलं, ‘बेसूर आहे.’ त्यानंतर जे काही बोलायचं ते त्या पाटीवर. अक्षर मात्र तसंच, शाळेच्या फळ्यावरचं, सरळ रेषेत. शिकायला येणारी मुलं आपोआप बंद झाली.

घर इतकं शांत झालं की कुकरची शिटी दचकवायची. त्या शांततेत जानेवारीत इलानं गिटार आणली. तिची आई विमलाबाई म्हणाल्या, “हे काय आता?” इला म्हणाली, “असंच.”

असंच नव्हतं ते. पण खरं कारण सांगायचं तर पंचवीस वर्षं मागं जावं लागलं असतं.

इला बारा वर्षांची होती, बाबांच्याच शाळेत सातवीत. गॅदरिंगसाठी तिनं दोन महिने एक गाणं बसवलं होतं. तालमीच्या दिवशी हॉलमध्ये सगळ्या मुली सतरंजीवर बसलेल्या. इलानं दोन ओळी म्हटल्या असतील. बाबांनी पेटी थांबवली.

“इला, तू खाली बस. तुझा गळा गाण्याचा नाही.”

रागानं नाही. आज मंगळवार आहे, असं सांगावं तसं. मग ते म्हणाले, “काजल, तू ये,” आणि तिच्याच वर्गातली काजल उठून उभी राहिली. काजलचा आवाज खरोखर चांगला होता. तिनं तेच गाणं म्हटलं, बक्षीस मिळवलं आणि पुढं पाच वर्षं बाबांची पट्टशिष्या होती. घरी आल्यावर बाबा त्या प्रसंगाबद्दल काही बोलले नाहीत. इलाही नाही. त्या दिवसानंतर ती गायली नाही. गणपतीच्या आरतीला नुसते ओठ हलवायची. बाबांशी तिचं भांडण असं कधी झालं नाही. फक्त संगीताचा विषय निघाला की ती खोलीतून उठून जायची. आईशी ती मनमोकळं वऱ्हाडी बोलायची, बाबांशी शाळेतलं शुद्ध मराठी.

तर त्या मार्चच्या रविवारी ती क्लासहून आली, मागच्या खोलीत गेली, दार लावलं आणि हळूहळू तो नवा स्केल वाजवायला बसली. वर जाताना चुकायचा. पुन्हा खालून. पुन्हा चुकायचा. अर्धा तास असा गेला असेल. बाहेर ठक ठक आवाज झाला. अच्युतराव कुणाला बोलवायचं असलं की मार्करनं टेबलावर ठोकायचे.

ती बाहेर आली. त्यांनी पाटी वर धरली. ‘नी उतरतोय.’

“तो नी नाही, बाबा. जी शार्प आहे.”

त्यांनी पुसलं, लिहिलं. ‘तोच. कीरवाणी आहे ही. ग कोमल, ध कोमल. नी शुद्ध हवा. तू कोमल लावतेस.’

पंचवीस वर्षांत बाबा तिच्याशी गाण्याबद्दल पहिल्यांदा बोलत होते, आणि तेही चूक काढायला. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. “बरं,” एवढंच म्हणून ती आत गेली आणि गिटार पिशवीत घालून चेन लावून टाकली. पुढचे दोन रविवार ती क्लासला गेली नाही.

तिसऱ्या आठवड्यात ती भाजी निवडत बसली असताना आई शेजारी येऊन बसली.

“काऊन बंद केलं वाजवनं?”

“टाइम नाई भेटत.”

“तुये बाबा रोज पेटी काढून बसून राह्यतेत. मागच्या दरवाजाकडे पाह्यतेत अन् पुन्हा झाकून ठेवतेत.”

“मले त्यायच्याजवळून नाई शिकायचं, आई.”

विमलाबाईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “तू गेलती ना देवळीले मोजणीले, त्या दिवशी रिपोर्ट आला. छातीत उतरलं म्हनते. डॉक्टर म्हनते आता पुन्हा चिरफाड नाई करत.”

इलानं मान वर केली. “बाबायले माहीत हाये?”

“त्यायनंच तर वाचला. मले कोनं सांगतलं मंग? पाटीवर लिहून देल्लं, ‘इलाला आत्ता सांगू नको, मार्चएंडची धावपळ आहे तिची.’”

त्या संध्याकाळी इलानं गिटार बाहेर काढली आणि पहिल्यांदाच समोरच्या खोलीत, बाबांच्या खुर्चीसमोर सतरंजीवर बसली. तिनं ए, म्हणजे आपला सा, वाजवला. अच्युतरावांनी पेटी जवळ ओढली, दोन-तीन पट्ट्या दाबून पाहिल्या आणि पांढरी सहावर बोट ठेवलं. तोच सूर. त्यांनी मान हलवली.

मग रोज साडेसहा ते सात असं सुरू झालं. त्यांना गिटारमधलं काही कळत नव्हतं. फ्रेट म्हणजे काय, बोट कुठं ठेवायचं, यातलं ते काही सांगू शकत नव्हते. पण कान होते. त्यांनी तिला पूर्ण स्केल वाजवूच दिला नाही. आठ दिवस फक्त दोन सूर: ध आणि नी, ध आणि नी. ते पेटीवर वाजवायचे, मग ती. चुकलं की मार्करची ठक. बरोबर आलं की काहीच नाही, नुसता पुढचा भाता.

“पण मधला सूर सोडून एवढी उडी कशाला?” एक दिवस ती कंटाळून म्हणाली. “साधं मायनर किती सरळ जातं.”

त्यांनी बराच वेळ लिहिलं. ‘सरळ जातं, पण घरी येत नाही. कोमल नी कुठंही थांबतो. शुद्ध नीला साशिवाय राहवत नाही. म्हणून तो वर. ध वर थांब, घाई नको. मग नी आपोआप सापडेल.’

एप्रिल संपता संपता तो सापडला. एका संध्याकाळी तिचं दुसरं बोट सहाव्या फ्रेटवर असं पडलं, जणू नेहमी तिथंच पडत होतं. ती खालून वर गेली, वरून खाली आली. पुन्हा गेली. एकदाही ठक झाली नाही. ती बाबांकडे पाहत राहिली. अच्युतरावांनी पाटी घेतली आणि लिहिलं, ‘आता पुढचं.’

तिला वाईट वाटलं. एवढ्या दिवसांनंतर एक ‘छान’ लिहायला काय हरकत होती?

त्या वाटण्यामुळंच असेल, दोन-तीन दिवसांनी तिनं तो विषय काढला. दुपारची वेळ होती, कूलर चालू होता, आई शेजारी गेली होती. बाबांना नुकतीच खोकल्याची मोठी उबळ येऊन गेली होती, तिनं त्यांचा रुमाल बदलला होता.

“बाबा, तुम्हाला आठवतं? पुलगावला, गॅदरिंगच्या तालमीत, तुम्ही मला खाली बसवलं होतं.”

त्यांनी भुवया उंचावल्या.

“सगळ्या मुलींसमोर. म्हणालात, तुझा गळा गाण्याचा नाही. मग काजलला उठवलं.”

ते तिच्याकडे पाहत राहिले. डोळे बारीक करून खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते, हे तिला दिसत होतं. मग त्यांनी लिहिलं, ‘नाही आठवत.’

पंचवीस वर्षांत तिनं या बोलण्याची हजार उत्तरं कल्पिली होती. बाबा माफी मागतील, बाबा म्हणतील खरंच होतं ते, बाबा चिडतील. हे उत्तर त्यात नव्हतं.

त्यांनी तिचा चेहरा पाहिला. पाटी पुसली. ‘मी असं म्हणालो?’

“हो.”

‘तुला?’

“हो, बाबा.”

त्यांनी मार्करचं टोपण लावलं. पाटी मांडीवर पालथी ठेवली आणि डोळे मिटून घेतले. त्या दिवशी त्यांनी संध्याकाळी पेटी काढली नाही. जेवलेही नाहीत. आईनं इलाला विचारलं, काय झालं. इला म्हणाली, “उनानं झालं असंन.”

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसातून आली तेव्हा ते पेटी घेऊन तयार बसले होते. ती गिटार आणायला निघाली तर त्यांनी हातानं थांबवलं, बस म्हणून खूण केली. पाटीवर आधीच लिहिलेलं होतं. ‘सा लाव.’

“म्हणजे?”

त्यांनी आपल्या गळ्याकडे बोट दाखवलं, मग तिच्याकडे. पांढरी सहा दाबून भाता हलवत राहिले.

“मला नाही येत, बाबा.”

त्यांनी एका हातानं भाता चालू ठेवला आणि दुसऱ्या हातानं लिहिलं, ‘मलाही नाही.’ आणि हसले. आवाज नसलेलं हसू, नुसते खांदे हललेले. इलालाही हसू आलं. मग तिनं तोंड उघडलं. सूर आलाच नाही, नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. डोळ्यांसमोर ती सतरंजी, त्या मुली. तिनं मान हलवली.

“उद्या,” ती म्हणाली.

त्यांनी मान डोलावली. पेटीचा सूर मात्र लगेच बंद केला नाही. पुष्कळ वेळ तसाच धरून ठेवला.

तसे उद्या पुष्कळ आले. मे गेला, जून गेला. पण बाबांनी पुन्हा मागितलं नाही, आणि न मागता सूर लावण्याचं धाडस इलाला झालं नाही. रोज संध्याकाळी ती गिटार वाजवत राहिली. कीरवाणीच्या चार छोट्या रचना त्यांनी तिला पाटीवर लिहून दिल्या, ती त्या वहीत उतरवून घ्यायची. जुलैत त्यांना भाता हलवायलाही दम लागू लागला. मग ते नुसते ऐकायचे. ऑगस्टमध्ये त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

पोळ्याचा दुसरा दिवस होता. सकाळचे दहा वाजले असतील. आई चहा घ्यायला खाली गेली होती. बाबांचे डोळे मिटलेले, श्वास भोकातून खरखर करत येत होता. इला स्टुलावर बसली होती. तिला एकदम वाटलं, आता. तिनं त्यांचा हात धरला, वाकून कानाजवळ तोंड नेलं आणि सा लावला. अगदी हलका, थोडा फाटका. पण सूर होता. तिचा तिलाच ऐकू आला. तेवढ्यात पडदा सारून नर्स आत आली, सलाईन बदलायला. इला दचकून गप्प झाली आणि सरळ बसली. बाबांनी ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. त्यांची बोटं तिच्या हातात जशी होती तशीच होती. दीडच्या सुमारास ते गेले.

तेरवीला माणसं पुष्कळ आली. पुलगावहून शाळेतले लोक, वडनेरहून भाऊबंद, आणि कितीतरी जुने विद्यार्थी. जेवणं झाल्यावर एक बाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. जाडसर, चष्मा लावलेली, हातात पदराचं टोक.

“ओळखलं नाई ना? मी काजल.”

इलानं तिला आत बसवलं. काजल आता हिंगणघाटला होती. नवऱ्याचं कपड्याचं दुकान, दोन पोरी. इलानं विचारलं, “गाते ना तू अजून?”

“कुठचं? लग्न झालं अन् सुटलंच. हळदीकुंकवाले बाया म्हनतेत, म्हन म्हन, तेव्हा म्हनते.” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “सरायनं एवढी मेहनत घेतली मायावर. त्यायले तोंड दाखवाची लाज वाटे, म्हनून आलीच नाई कधी. आज आली.”

काजलला पाणी देऊन इला दुसरा पेला घेऊन बसली. मग तिनं ते विचारलं. कसं विचारलं गेलं तिलाच कळलं नाही.

“तुले तालमीचा तो दिवस आठवते? मले खाली बसवलं होतं तो?”

“आठवत नाई कसं? तुया जागेवर मले उभं केलं.” काजल तिच्याकडे पाहून म्हणाली, “पन मलेही म्हटलं होतं सरायनं. तसंच. तुझा गळा गाण्याचा नाही, खाली बस.”

“तुले?”

“दोनदा. एकदा पाचवीत, एकदा नववीत. सगळ्यायलेच म्हनत ते. कोनीच नाई सुटलं. त्यायच्या तोंडून शाबासकी मी एकदाही नाई ऐकली. लय खूश झाले तर म्हनत, ‘आता पुढचं.’ त्यासाठी मराचो आम्ही.”

इलानं हातातला पेला खाली ठेवला.

“मंग तू काय केलं? खाली बसवल्यावर?”

“काय करन? घरी जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसली. तेही काही नाई बोलले, मीही नाई. पेटी सुरू केली, मी म्हनाले लागली.” काजलनं चष्मा काढून पदरानं पुसला. “मले सोपं होतं, इला. माये ते नुसते सर होते.”

काजल पाचच्या गाडीनं परत गेली. इला तिला ऑटोपर्यंत सोडून आली, आत आली, ओट्यावरची भांडी उचलायला लागली आणि मध्येच थांबली. बाबा गेल्यापासून ती रडली नव्हती. स्मशानात नाही, दहाव्याला नाही. आता ओट्याच्या कडेला दोन्ही हात धरून ती रडायला लागली, आणि ते थांबेना. शाळेतून घरी आलेली बारा वर्षांची पोरगी, दुसऱ्या दिवशी बाबांच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभी राहून परत फिरलेली, तिला स्पष्ट दिसत होती. आत पेटी सुरू होती तेव्हा. दार उघडं होतं.

विमलाबाई मागून आल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

“रड, बाई. रडून घे. लय दिवस धरून ठेवलं तू.”

आईला वाटलं, माणूस गेल्याचं रडू आहे. इलानं तिला काही सांगितलं नाही. तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि बाहेर अंगणात मंडपाचे बांबू सोडत असल्याचे आवाज येत राहिले.